लाल लघवी, टीबीच्या गोळ्या आणि मूत्रवाहिनीतली गाठ

पार्श्वभूमी

ओळख पटू नये म्हणून काही वैयक्तिक तपशील बदलले आहेत.

लालबाग-परळकडच्या चाळीत राहणाऱ्या ५४ वर्षांच्या बाई. पोळी-भाजी केंद्रात पहाटेपासून काम. वजन ५२ किलो, मधुमेह नाही, रक्तदाब एका गोळीवर आटोक्यात. एप्रिलमध्ये दोन दिवस लघवी लाल झाली. दुखणं, जळजळ, ताप असं काहीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी लघवी आपोआप स्वच्छ झाली आणि पहिला उशीर तिथेच झाला. थांबलेलं रक्त माणूस लगेच विसरतो.

पाणी कमी पडलं, उन्हाळा आहे, इन्फेक्शन असेल असं म्हणून पाच दिवसांचं अँटिबायोटिक मिळालं. जूनमध्ये पुन्हा तेच, जुलैमध्ये पुन्हा तेच. दर वेळी गोळी वेगळी, निदान तेच. लघवीचं कल्चर एकदाच पाठवलं, तेही दुसरा कोर्स संपल्यावर. त्यात जंतू उगवले नाहीत. बायकांच्या लाल लघवीला इन्फेक्शन म्हणणं इतकं सवयीचं झालंय की कल्चर कोरं आलं तरी शब्द बदलत नाही. चाळिशीनंतर डोळ्यांना दिसेल इतकं रक्त लघवीतून गेलं, तर ते एकदाच गेलं असलं तरी दुर्बिणीने मूत्राशय बघणं आणि वरच्या मार्गाचं, म्हणजे किडनी आणि तिथून मूत्राशयाकडे लघवी नेणाऱ्या मूत्रवाहिनीचं, चित्र काढणं हा नियम आहे. बाईंना तो लागू झाला नाही.

टीबीचं निदान कसं झालं

जुलैअखेर सोनोग्राफीत डावी किडनी मध्यम प्रमाणात फुगलेली दिसली. खडा असेल म्हणून साधा, म्हणजे शिरेतून औषध न देता, सीटी स्कॅन झाला. खडा नव्हता. डाव्या मूत्रवाहिनीचा खालचा भाग मात्र जाड वाटत होता. लघवीत पू पेशी १५ ते २०, लाल पेशी ४० ते ५०, कल्चर पुन्हा कोरं. मँटू (टीबीची त्वचा चाचणी) १६ मिलिमीटर, ईएसआर (शरीरातल्या दाहाचा अंदाज देणारी रक्ततपासणी) ४८, आणि वडिलांना पूर्वी टीबी झालेला.

हे सगळं एका ओळीत मांडलं की मुंबईतल्या कुठल्याही डॉक्टरच्या तोंडी एकच शब्द येईल. लघवीत पू आहे पण साधे जंतू नाहीत, हे मूत्रमार्गाच्या टीबीचं जुनं, ओळखीचं लक्षण. टीबीने मूत्रवाहिनी आवळते तीही बहुधा खालच्या टोकाला. त्यामुळे टीबीची शंका घेण्यात चूक नव्हती, हे स्पष्ट सांगायला हवं. मँटूला मात्र फार वजन द्यायला नको होतं. या शहरात टीबीच्या जंतूशी संपर्क आलेली असंख्य माणसं आहेत आणि त्यांची मँटू अशीच उठते.

टीबीच्या कल्चरसाठी आणि जीनएक्स्पर्टसाठी (टीबीच्या जंतूचं जनुक झटपट शोधणारी तपासणी) लघवी पाठवली, त्याबरोबर पेशी तपासणीही, म्हणजे कॅन्सरच्या पेशी शोधणारी सायटॉलॉजी, लिहिली. जीनएक्स्पर्ट निगेटिव्ह आलं. कल्चरला ४२ दिवस लागणार होते. तोवर थांबायला नको म्हणून ऑगस्टच्या मध्यावर एकेटी, म्हणजे टीबीचा औषधोपचार, सुरू झाली: चार औषधांच्या एकत्रित गोळ्या, ५० ते ६४ किलोच्या गटाप्रमाणे रोज चार. निक्षय या सरकारी टीबी पोर्टलवर नोंद झाली ती 'क्लिनिकल निदान' म्हणून, म्हणजे जंतू सापडलेला नाही पण लक्षणांवरून टीबी मानलाय.

एक डबा, दोन तपासण्या

टीबीच्या जंतूसाठी पहाटेची पहिली लघवी हवी. रात्रभर साठलेली, घट्ट, आणि शक्यतो लागोपाठ तीन दिवसांची. पेशी तपासणीला नेमकी हीच लघवी चालत नाही. मूत्राशयात रात्रभर पडून राहिलेल्या पेशी फुगतात, त्यांची केंद्रकं विरतात, आणि कॅन्सरची पेशी व मेलेली पेशी यांतला फरक पुसला जातो. तिच्यासाठी सकाळची दुसरी किंवा त्यानंतरची लघवी घ्यायची, थोडं पाणी पिऊन, चालून-फिरून. निदान ३० मिलिलिटर, जास्त मिळाली तर चांगलंच. ती ताजी लॅबमध्ये पोचायला हवी. उशीर होणार असेल तर फ्रीजमध्ये, नाहीतर तेवढंच ५० टक्के अल्कोहोल घालून.

इथे घरी नमुना घ्यायला आलेल्या मुलाने साडेसहाला एकच डबा भरून घेतला. तो बाकीच्या नमुन्यांसोबत पाठीवरच्या बॅगेत, लोकलने, दुपारी लॅबला पोचला. पॅथॉलॉजिस्टने प्रामाणिकपणे लिहिलं: पेशी खराब झाल्या आहेत, काही पेशी संशयास्पद, मत देता येत नाही, ताजा नमुना पुन्हा पाठवा. तो पुन्हा कुणी पाठवला नाही. पुढच्या केस पेपरवर एका ओळीत उतरवलं गेलं, 'सायटॉलॉजी निगेटिव्ह'. त्यानंतर ज्याने ज्याने तो कागद पाहिला, त्याने ती ओळ खरी मानली.

दुसरी गोष्ट रंगाची. एकेटीतलं रिफाम्पिसिन लघवी केशरी-लाल करतं. बाईंना गोळ्या देताना बजावून सांगितलं होतं, 'लघवी लाल होईल, घाबरायचं नाही'. सल्ला बरोबरच होता, त्यामुळेच कित्येक रुग्ण मधेच गोळ्या सोडत नाहीत. पण ज्या बाई मुळात लाल लघवीची तक्रार घेऊन आल्या होत्या, त्यांच्याकडचा एकमेव दर्शक या एका वाक्याने बंद झाला. ओपीडीत निवासी डॉक्टरने विचारलं, 'मावशी, रक्त जायचं थांबलं का?' त्यावर त्या म्हणाल्या, 'पहिली पण लाल होती, आता पण लालच आहे. तुम्हीच सांगितलं गोळ्यांनी होते. मग मी काय ओळखणार?' प्रश्न बिनतोड होता. त्या दिवशी साधी लघवी तपासणी झाली असती तर उत्तर मिळालं असतं.

ओळखता येतं, आणि अवघड नाही. गोळ्यांचा रंग गोळी घेतल्यावर काही तासांत सर्वांत गडद असतो, मग उतरतो. म्हणून दुसऱ्या दिवशीची गोळी घेण्याआधीची लघवी पांढऱ्या कपात बघायची. औषधाचा रंग पारदर्शक केशरी दिसतो. रक्त असेल तर लघवी गढूळ असते, ठेवली की तळाला लाल साका बसतो. दवाखान्यात १० मिलिलिटर लघवी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली की लाली खाली बसते का वर तरंगत राहते, ते दिसतं: खाली बसली तर रक्त, वरच्या पाण्यातच राहिली तर औषध. लघवीत बुडवायच्या तपासणी-पट्टीवर भरवसा ठेवू नये, गडद रंगात तिचा ठिपका वाचताना फसायला होतं. सूक्ष्मदर्शकाखाली लाल पेशी मोजाव्यात.

सप्टेंबरअखेर टीबीचं कल्चर आलं: ४२ दिवसांत काही उगवलं नाही. अहवाल मुलाच्या मोबाईलवर पडला. 'निगेटिव्ह' वाचून घरच्यांना हायसं वाटलं आणि तो डॉक्टरांना दाखवायचा राहिला. ज्यांनी तपासणी लिहिली होती त्यांच्याकडूनही मागणी झाली नाही. दोन महिने संपले, गोळ्या पुढच्या टप्प्यावर गेल्या. किडनीची सूज तेवढीच होती.

नोव्हेंबरमधली कळ

नोव्हेंबरच्या मध्यावर डाव्या कुशीतून मांडीकडे जाणारी तीव्र कळ आली आणि लघवीतून गांडुळासारखे लांबट, बारीक, गडद लाल धागे पडले. घरच्यांनी त्यातला एक बाटलीत घालून आणला, हे फार मोलाचं झालं. मूत्राशयात गोठलेलं रक्त गोळ्यासारखं, बेढब पडतं. लांबट धागा मूत्रवाहिनीच्या साच्यात तयार होतो, म्हणजे रक्त वरून येतंय. क्रिएटिनिन १.३ होतं, वय धरून किडनीची गाळण्याची क्षमता सुमारे ४९.

समोरचे पर्याय

एकेटी सहा महिने पूर्ण करून मग बघायचं, हा पहिला पर्याय पुढे आला, कारण मधे सोडल्याने जंतू बंडखोर होण्याची भीती. ही भीती खऱ्या टीबीत योग्यच आहे. इथे जंतूचा पुरावा शून्य होता आणि तीन महिन्यांत सुधारणाही शून्य.

दुसरा पर्याय, लगेच डीजे स्टेंट (मूत्रवाहिनीत ठेवायची बारीक नळी) घालून किडनी मोकळी करायची, तपास नंतर. सोपा आणि मोह पडणारा. पण स्टेंट आत बसला की मूत्रवाहिनीचं अस्तर चिडतं, स्कॅनमध्ये भिंत जाड दिसते, पेशी बिघडलेल्या दिसतात, आणि पुढचे सगळे अहवाल शंकेच्या छायेत जातात. ताप नव्हता, क्रिएटिनिन धावत नव्हतं, म्हणून दोन-तीन दिवस थांबणं शक्य होतं. ताप असता तर हा हिशोब उलटा झाला असता.

पाठीतून नळी घालून किडनी मोकळी करणं या पर्यायाला ठाम नकार दिला. वरच्या मूत्रमार्गात गाठीची शंका असताना पाठीतून छिद्र पाडलं, तर त्या वाटेवर कॅन्सरच्या पेशी रुजू शकतात.

शेवटचा पर्याय, आधी संपूर्ण सीटी युरोग्राफी, मग दुर्बिणीने प्रत्यक्ष बघून तुकडा. यात एक खोट आहे आणि ती बाईंना व मुलाला आधी समजावली: मूत्रवाहिनीत दुर्बीण घातल्याने पुढे मूत्राशयात गाठ उगवण्याची शक्यता वाढते. स्कॅन आणि पेशी तपासणी दोन्ही निःसंदिग्ध असतील तर काही वेळा तुकडा न घेताही शस्त्रक्रियेला जातात. इथे समोर टीबीचा दावा उभा होता आणि चुकीच्या निदानावर किडनी गमावण्याची वेळ येऊ शकली असती. तुकडा घ्यायचं ठरलं.

काय केलं, कोणत्या क्रमाने

सीटी युरोग्राफीत तीन टप्पे असतात: औषधाआधी, औषध दिल्यावर सुमारे १०० सेकंदांनी, आणि औषध लघवीतून उतरायला लागल्यावर, साधारण १० ते १५ मिनिटांनी. खरी गंमत तिसऱ्या टप्प्यात. बाईंची डावी बाजू तुंबलेली, त्यामुळे १२ मिनिटांनी उजवी मूत्रवाहिनी पांढरीशुभ्र भरली होती आणि डावीत काहीच उतरलं नव्हतं. तिथेच टेबल रिकामं केलं असतं तर अहवालात पुन्हा 'जाड भिंत' एवढंच आलं असतं. रेडिऑलॉजिस्टने बाईंना पालथं झोपवून ४० मिनिटांनी पुन्हा चित्र घेतलं. मूत्राशयाच्या तोंडापासून ४ सेंटिमीटर वर २४ मिलिमीटर लांबीचा मांसल भाग दिसला. औषधाआधी त्याची घनता ३५, औषधानंतर ७८. गोठलेलं रक्त असं औषध शोषत नाही, म्हणून ते नक्कीच गुठळी नव्हती. किडनीत लघवी गोळा करणारे कप रेखीव होते, टीबीत दिसणारी कुरतडल्यासारखी कड, मण्यांसारखी अनेक ठिकाणची आवळ, चुन्याचे ठिपके, यांतलं काही नव्हतं. छातीचा स्कॅन स्वच्छ.

तीन दिवसांनी ऑपरेशन थिएटरमध्ये क्रम आधीच कागदावर लिहून ठेवला होता, कारण क्रम चुकला की नमुना वाया जातो. पहिल्यांदा मूत्राशय पाहिलं: आत गाठ नाही, डाव्या तोंडातून लालसर धार. मग बारीक नळीने डाव्या मूत्रवाहिनीतली लघवी घेतली, क्ष-किरणाचं औषध सोडण्याआधी. ते औषध पेशींना आक्रसून टाकतं, आणि बऱ्याच ठिकाणी आधी चित्र, मग नमुना असं होतं. त्यानंतर औषध सोडून चित्र. गाठीच्या खालची मूत्रवाहिनी पेल्यासारखी रुंद दिसली. हे चिन्ह डोळ्यात ठेवण्यासारखं आहे: अचानक अडकलेल्या खड्याच्या खाली नळी आक्रसलेली असते, पण हळूहळू वाढणारी गाठ खालीही जागा करून घेते.

दुर्बीण गाठीपर्यंतच नेली, गाईडवायर गाठीच्या पलीकडे आधी सरकवली नाही, म्हणजे बघण्याआधीच खरवडून रक्त यायला नको. पाण्याचा दाब कमी ठेवला. समोर झालरीसारखे लोंबते कोंब होते. बारीक चिमट्याने तीन तुकडे निघाले, प्रत्येक जेमतेम एक मिलिमीटरचा. एवढ्याशा तुकड्यांवर निदान अडू शकतं, म्हणून खडा पकडायच्या जाळीत एक कोंब धरून मुळाशी तोडून काढला. तुकडे मोठ्या डब्यात टाकले की भिंतीला चिकटून हरवतात. ते लहान नळीत फॉर्मॅलिनमध्ये घातले, आणि एक तुकडा फॉर्मॅलिनशिवाय, सलाईनमध्ये, टीबीच्या कल्चर व जीनएक्स्पर्टसाठी वेगळा. मग स्टेंट घातला, आता तो घालायला हरकत नव्हती.

अहवाल: हाय ग्रेड युरोथेलियल कार्सिनोमा, म्हणजे मूत्रमार्गाच्या अस्तराचा आक्रमक कॅन्सर. डाव्या बाजूच्या लघवीतही त्याच पेशी. टीबीत दिसणाऱ्या सूक्ष्म गाठी (ग्रॅन्युलोमा) कुठे नाहीत, तुकड्यातलं जीनएक्स्पर्ट निगेटिव्ह. एकेटी त्या दिवशी थांबवली आणि निक्षयवरचं निदान बदलून घेतलं.

किडनीच्या कपांपासून मूत्राशयातून लघवी बाहेर नेणाऱ्या मूत्रनलिकेपर्यंत एकाच प्रकारचं अस्तर असतं. त्या अस्तराच्या कॅन्सरपैकी बहुतेक मूत्राशयात होतात, वरच्या मार्गात फक्त ५ ते १० टक्के. मूत्रवाहिनीतले त्याहून कमी. पण वरचे सापडतात तेव्हा साधारण तीनांतले दोन भिंतीत शिरलेले असतात, कारण तिथली भिंत पातळ आणि तिथे सहज कुणी डोकावत नाही.

घरातला कॅन्सर

पहिल्या केस पेपरवर कुटुंबाचा इतिहास 'काही नाही' असा होता. विचारलं गेलं होतं ते असं: 'घरात कुणाला किडनीचा, लघवीचा कॅन्सर?' उत्तर खरंच नाही होतं. तुकड्याचा अहवाल आल्यावर प्रश्न बदलला: 'आई, वडील, भावंडं, मावश्या, मामा, कुणालाही कुठलाही कॅन्सर, आणि कितव्या वर्षी?' आई गर्भाशयाच्या कॅन्सरने ५१ व्या वर्षी गेलेल्या. गावाकडे असलेल्या भावाचं ४६ व्या वर्षी 'आतड्याचं ऑपरेशन' झालेलं. कशाचं, ते फोनवर विचारल्यावर कळलं: मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं.

हा नमुना लिंच सिंड्रोमचा. अमेरिकी डॉक्टर हेन्री लिंच यांनी १९६६ साली अशी घराणी मांडली होती. डीएनए जुळवताना होणाऱ्या चुका दुरुस्त करणारं एखादं जनुक जन्मतःच बिघडलेलं असतं. आतडं आणि गर्भाशय यांच्यामागोमाग वरचा मूत्रमार्गही त्याच्या तडाख्यात येतो. तीन नातेवाईक, दोन पिढ्या, एक जण पन्नाशीच्या आतला: अशी घराणी ओळखण्याच्या जुन्या अ‍ॅमस्टरडॅम-२ निकषांतही हे कुटुंब बसतं. त्याच तुकड्यावर ही दुरुस्ती करणाऱ्या चार प्रथिनांची तपासणी केली. एमएसएच-२ आणि एमएसएच-६ गायब होती.

हे शस्त्रक्रियेआधी कळलं म्हणून निर्णय बदलला. वरच्या मार्गातल्या हाय ग्रेड गाठीला किडनीसकट पूर्ण मूत्रवाहिनी आणि मूत्राशयाचा तोंडाकडचा भाग काढणं हा ठरलेला मार्ग. पण लिंचमध्ये पुढे दुसऱ्या बाजूलाही गाठ येऊ शकते. गाठ अगदी खाली होती, रेनोग्राममध्ये (प्रत्येक किडनी किती काम करते ते मोजणारा स्कॅन) डावी किडनी एकूण कामाच्या ३८ टक्के काम करत होती. म्हणून फक्त खालचा भाग मूत्राशयाच्या कडेसकट काढून, मूत्राशय वर ओढून स्नायूला टाचलं आणि उरलेली मूत्रवाहिनी त्याला जोडली. वरच्या कापलेल्या टोकाचा अहवाल ऑपरेशन चालू असतानाच मागवला, तो स्वच्छ आल्यावरच जोडणी केली.

परिणाम

गाठ स्नायूत शिरलेली होती, त्याच्या पलीकडे नाही. काढलेल्या ११ लसिकाग्रंथी स्वच्छ. दहाव्या दिवशी मूत्राशयात औषध भरून गळती नसल्याची खात्री केली आणि मगच ४० मिलिग्रॅम मायटोमायसिन या कॅन्सरच्या औषधाचा एक डोस आत सोडला. घाई केली असती तर ते टाक्यांतून पोटात झिरपलं असतं.

अडथळा गेल्यावर क्रिएटिनिन १.१ वर आलं, क्षमता ६०. याचा थेट फायदा झाला. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या पाऊट चाचणीने अशा गाठींना शस्त्रक्रियेनंतर ९० दिवसांच्या आत केमोथेरपी सुरू केल्यास रोग परतणं कमी होतं हे दाखवलंय. त्यातलं सिस्प्लॅटिन ५० च्या खाली देत नाहीत. किडनी राखल्यामुळे जेमसायटाबिन-सिस्प्लॅटिनचे चारही डोस पूर्ण देता आले.

नवव्या महिन्यात मूत्राशयात ६ मिलिमीटरचा कोंब दिसला. काढला. हाय ग्रेड, पण वरच्या थरापुरता. ही शक्यता आधी सांगितलेली असल्याने घरात हाहाकार झाला नाही. पुढे गाठ परतू नये म्हणून बीसीजीचे, म्हणजे टीबीच्या लसीतल्या जंतूचे, सहा साप्ताहिक डोस मूत्राशयात दिले.

काय वेगळं करता आलं असतं

टीबीची शंका राहू द्यायला हवी होती, पण तिला मुदत हवी होती. पुराव्याशिवाय एकेटी सुरू करताना केस पेपरवर तारीख घालावी: कल्चरचे ४२ दिवस आणि गोळ्यांचे दोन महिने ज्या आठवड्यात पुरे होतात, तो आठवडा. त्या दिवशी कल्चर निगेटिव्ह आणि सूज तशीच असेल तर निदान पुन्हा उघडायचं. इथे ती तारीख ऑक्टोबरच्या मध्यावर पडली असती, म्हणजे कळ येण्याच्या महिनाभर आधी.

ऑगस्टमध्येच मूत्राशयाची दुर्बीण आणि पूर्ण सीटी युरोग्राफी व्हायला हवी होती. त्याने एकेटीला एक दिवसही उशीर झाला नसता. नमुने घेणाऱ्या मुलाला दोष देण्यात अर्थ नाही, चिठ्ठीवर दोन तपासण्या होत्या आणि वेळ कुठेच लिहिलेली नव्हती. पहिली लघवी टीबीला, दुसरी पेशींना, दोन डबे, प्रत्येकावर वेळ: एवढं डॉक्टरने स्वतःच्या हाताने लिहावं. 'मत देता येत नाही' हे उतरवताना 'निगेटिव्ह' लिहू नये, मूळ शब्द तसेच उतरवावेत.

शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी द्यावी का, यावर गटात दोन मतं होती. तुंबलेल्या किडनीवर सिस्प्लॅटिन झेपलं नसतं म्हणून आधी शस्त्रक्रिया केली. स्टेंट घातल्यावर दोन-तीन आठवड्यांत क्षमता सुधारते का पाहून मग ठरवणं, हेही वावगं ठरलं नसतं.

बाईंच्या २६ वर्षांच्या मुलीत तोच जनुकदोष निघाला, २९ वर्षांच्या मुलात नाही. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी यासाठी समुपदेशन मिळतं, आणि तपासणी करायची की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. मुलीची पहिली कोलोनोस्कोपी झाली. भावाने गावाकडून मुंबईला येऊन आपली तपासणी करून घेतली.

एक गोष्ट अजून जपावी लागते. बीसीजी दिल्यावर लघवीत टीबीच्या कुळातला तोच जिवंत, कमकुवत केलेला जंतू काही काळ सापडू शकतो आणि जीनएक्स्पर्टही पॉझिटिव्ह येऊ शकतं. बाईंच्या फायलीत टीबीचा जुना शिक्का आधीच आहे. उद्या ताप आला आणि दुसऱ्या दवाखान्यात कुणी ती फाईल चाळली, तर गोंधळ व्हायला वेळ लागणार नाही. म्हणून पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: टीबी नव्हता. मूत्राशयात बीसीजी दिलंय, शेवटचा डोस अमुक तारखेला. त्या पानाचा फोटो बाईंच्या, मुलाच्या आणि मुलीच्या मोबाईलमध्ये आहे.